पांढरं पडलेलं प्रवाळ परत रंगात येतं का?

गेल्या अंकात लक्षद्वीपच्या प्रवाळावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. मालवणच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे तो प्रश्न मला घरातूनच आल्यासारखा वाटला.

मॅडम, मे २०२४ मध्ये आम्ही दोघं कडमत बेटावर गेलो होतो. पाण्यात तोंड घातलं तर खाली सगळं पांढरंशुभ्र, मध्येच फिकट निळं, जांभळं. आम्हाला ते इतकं सुंदर वाटलं की शंभरेक फोटो काढले. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, “आई, ते मेलेलं आहे.” तेव्हापासून फोटो बघवत नाहीत. खरंच मेलेलं होतं का?
– एक वाचक, नाशिक

तुम्ही फोटो काढलेत तेव्हा त्यातलं बरंचसं जिवंत असणार. ते उपाशी होतं.

प्रवाळाचा एक समूह म्हणजे चाळ समजा. प्रत्येक खोलीत एक पॉलिप राहतो. काहींत तो तांदळाच्या दाण्याएवढा, काहींत नखाएवढा, अंगाने मऊ, तोंडाभोवती बोटांसारखे स्पर्शक. भिंती चुन्याच्या, त्यानेच बांधलेल्या. या घरमालकाच्या अंगातच भाडेकरू राहतात. ते म्हणजे झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात. हे शेवाळ उन्हावर साखर तयार करतं आणि तिच्यातला मोठा वाटा मालकाला देतं. प्रवाळाला लागणारी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाड्यातूनच येते. आपल्याला दिसतो तो तपकिरी, हिरवट, मधासारखा रंगही बहुतेक त्या शेवाळाचाच.

आता त्या जागेचा वर्षातला सगळ्यांत गरम महिना घ्या. त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी फक्त १ अंशाने जास्त तापलं आणि चारेक आठवडे तसंच राहिलं, की शेवाळाचं काम बिघडतं. साखरेऐवजी पेशीला घातक असे ऑक्सिजनचे रेणू तयार व्हायला लागतात. मग प्रवाळ आपल्या भाडेकरूंना बाहेर काढतं. रंग जातो, पारदर्शक अंगातून आतला चुना दिसतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. तुम्हाला दिसलेला निळा-जांभळा रंग प्रवाळाचा स्वतःचा होता. एरवी तो शेवाळाखाली झाकलेला असतो. २०२४ च्या त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या बेटांभोवती असंच मोठं ब्लीचिंग झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातलं चौथं ब्लीचिंग सुरू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं.

मे २०१० मध्ये मी कडमतलाच होते. एका शिंगाळ्या प्रवाळाच्या फांदीला मास्क टेकेल इतकी जवळ गेले. फांदी मिठासारखी पांढरी, पण तिच्यावर काचेचे असावेत असे पॉलिप लाटेबरोबर हलत होते. म्हणजे जीव होता. दहा दिवसांनी पुन्हा तिथेच गेले, तर फांदीच्या टोकाकडे भिजलेल्या पावावर येते तशी हिरवट लव आली होती. ती लव आली की समजावं, संपलं. पाणी लवकर निवलं तर उरलेल्या थोड्या शेवाळाची पैदास होऊन काही आठवड्या-महिन्यांत रंग परत येतो.

फोटो पुसू नका. तारीख आणि बेटाच्या नावासकट मूळ फाइली जपून ठेवा. पुन्हा कधी तिथे गेलात तर त्याच जागेचे फोटो काढा, त्या जोडीतून पुष्कळ कळतं.

ताई, मी मालवणात पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो. दरवर्षी कुणीतरी येऊन सांगतं, होडीवाल्यांमुळे प्रवाळ मरतं. समुद्र तापला तो शहरातल्या गाड्यांनी, वीजकेंद्रांनी, परदेशातल्या कारखान्यांनी. आमी काय समुद्र तापवतंव? मग बोट आमच्याकडेच का?
– एक होडीवाला, मालवण

तुमचं मालवणी वाक्य तसंच ठेवलं आहे, कारण त्याचं उत्तर तितकंच सरळ आहे. नाही, तुम्ही समुद्र तापवत नाही. जगातल्या प्रवाळाला सर्वांत मोठा मार उष्णतेचा बसतो आहे. ती उष्णता कोळसा, तेल आणि वायू जाळण्यातून आली आहे, आणि त्यात दांडीच्या किनाऱ्यावरच्या एका होडीचा हिस्सा धरण्याइतकाही नाही. हे न सांगता तुमच्याकडे बोट दाखवणारा माणूस अर्धंच सांगतो.

पण पुढचा अर्धा भागही ऐका. तापलेल्या पाण्याने प्रवाळ मेल्यावर ती जागा पुन्हा भरते का, हे बरंचसं आसपास काय चाललंय त्यावर ठरतं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापासून दूर भर समुद्रात स्कॉट रीफ आहे. रीफ म्हणजे प्रवाळाने चुना रचत उभारलेला समुद्रातला बांध. १९९८ च्या उष्णतेने तिथलं जिवंत प्रवाळ तळाच्या ९ टक्क्यांवर आलं. जवळपास दुसरी रीफही नाही, म्हणजे बाहेरून बी येण्याची आशा कमी. तरी १२ वर्षांत ते ४४ टक्क्यांपर्यंत भरलं. तिथे गाळ नव्हता, सांडपाणी नव्हतं, आणि शेवाळ खरवडणारे मासे भरपूर होते. उलट जमैका बघा. पिढ्यान्‌पिढ्या रीफवरचे मासे उपसले गेले. १९८० मध्ये मोठं चक्रीवादळ झालं. त्यानंतर १९८३ मध्ये शेवाळ खाणारे काळे समुद्रसाळूही रोगाने मेले. अर्ध्याहून जास्त तळ झाकणारं प्रवाळ ९० च्या दशकाच्या सुरुवातीला ५ टक्क्यांखाली गेलं. त्या जागी गुडघाभर शेवाळ उभं राहिलं आणि त्याने प्रवाळाला परत पाय टेकू दिला नाही.

यातलं मर्म बाळप्रवाळात आहे. प्रवाळाची अळी साबुदाण्याहूनही लहान असते. तिला बसायला स्वच्छ, टणक खडक लागतो. त्यावर लव किंवा गाळाचा थर असला तर ती बसत नाही, आणि बसली तर गुदमरते. म्हणून लक्षद्वीपमध्ये मी पोपटमाशांचे थवे मोजायची. चोचीसारख्या दातांनी ते खडक खरवडतात. शांत पाण्यात त्यांचा करकर आवाज कानाला ऐकू येतो. लक्षद्वीपच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या रीफबाहेरच्या खोल पाण्यात गळाने कुपा, म्हणजे टूना मासा, पकडला आणि तोच सुकवून विकला. त्यामुळे पोपटमासे, गोब्रे असे रीफवरचे मासे बरेचसे वाचले, आणि १९९८ च्या मारातून तिथल्या बऱ्याच रीफ सावरल्या. आता तिथेही रीफवरच्या माशांना मागणी वाढते आहे, त्याची मला काळजी वाटते.

मालवणचं पाणी लक्षद्वीपसारखं नितळ नाही. पावसाळ्यात गोडं पाणी येतं, लाल माती येते, तरी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर प्रवाळ तग धरून आहे. हे चिवट जातीचं प्रवाळ आहे. इतकं सोसणाऱ्यावर आणखी नांगर का घालायचा?

एका जानेवारीत मी किल्ल्याजवळ होडीत होते. वर ओढलेल्या नांगराच्या दातात एक तुकडा अडकून आला. टर्बिनेरिया जातीचा, तव्यासारखा, कडा वर वळलेल्या, दोन तळहात मावतील एवढा. वरच्या बाजूला शर्टाच्या बटणांएवढे पिवळसर पॉलिप, सगळे आत मिटलेले, आणि त्यावर शेंबडासारखा चिकट स्राव. जखमेच्या वेळी प्रवाळ तो सोडतं. तुटलेली कड खडूसारखी कोरी. एवढं व्हायला त्याला दहा-बारा वर्षं तरी लागली असतील. होडीवरचा मुलगा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. तो म्हणाला, “ह्यां जितां आसा?” त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तो तुकडा खाली नेऊन खडकाच्या फटीत घट्ट बसवला. तगला की नाही, कळायला मार्ग नाही.

करण्यासारखं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं, तरी सांगते. नांगराऐवजी रेतीच्या तळावर जड ठोकळा टाकून कायमचा बोया बांधा आणि सगळ्यांच्या होड्या आळीपाळीने त्याला लावा. पोहता न येणाऱ्याला प्रवाळावर उभं करू नका, त्याला रिंग धरायला द्या. भरपूर ओहोटी असताना उथळ खडपावर माणसं उतरवू नका. आणि माशांना पाव-बिस्किटं घालणं बंद करा, फोटो कितीही छान येवोत. पावावर पोसलेला मासा खडकावरचं शेवाळ खरवडायला जात नाही.

१९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य झालं तेव्हा गावात राग होता, मासेमारी बंद पडेल ही भीती होती. तो राग मला ठाऊक आहे, आमच्या वेंगुर्ल्यातही त्याची चर्चा व्हायची. पण बोया बांधायला सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही, परवानगी तेवढी घ्या. पहिल्या बोयाला वर्गणी लागली तर मलाही कळवा.

माझ्या सासूबाईंनी दिलेली पोवळ्याची अंगठी मी तीस वर्षं घालते आहे. लोणच्याची लिंबं चिरताना ती हातात राहिली आणि पोवळं निस्तेज झालं. असं का झालं? आणि आता वाटतं, ही अंगठी घालणं म्हणजे प्रवाळ मारणं का?
– एक गृहिणी, सांगली

तुमचं पोवळं लक्षद्वीपच्या प्रवाळाचं नाही. दागिन्यांतलं अस्सल लाल पोवळं परंपरेने भूमध्य समुद्रातून येतं. इटलीत नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको नावाचं गाव आहे, तिथे शतकानुशतकं त्याचं कोरीवकाम चालतं. हे प्रवाळ अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढतं. त्याच्या अंगात शेवाळ नसतं, लाल रंग त्याच्या सांगाड्याचाच असतो. त्याची फांदी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही. म्हणजे तुमच्या अंगठीतला मणी कित्येक दशकांचा असणार. उष्णतेने तेही मरतं. १९९९ आणि २००३ च्या कडक उन्हाळ्यांत भूमध्य समुद्रातलं पुष्कळ लाल प्रवाळ गेलं.

सासूबाईंची अंगठी आनंदाने घाला. नवीन मात्र घेऊ नका, आणि किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नका. आपल्याकडचं कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत. मेलेला तुकडा बाळगणंही गुन्हाच.

आता लिंबाचं. पोवळं चुन्याचं असतं आणि आम्ल चुना खातं. तुमच्या अंगठीला एका दुपारी जे झालं, तेच फार सावकाश समुद्रात चाललं आहे. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र पितो. त्यामुळे औद्योगिक काळापासून पाण्याचा सामू (पीएच) साधारण ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा छोटा दिसतो, पण हे मोजमापच असं आहे की आम्लता त्यात सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. समुद्र लिंबासारखा आंबट झालेला नाही आणि उभं प्रवाळ त्यात विरघळून जात नाही. मात्र भिंत बांधायला प्रवाळाला जास्त कष्ट पडतात. उपाशी माणसाला जड विटा उचलायला लावाव्यात, तसं ते आहे.

मी नववीत आहे. झाडं लावतो तसं प्रवाळ लावता येतं का? मग आपण सगळीकडे लावत का नाही?
– एक विद्यार्थी, पुणे

लावता येतं. तुटलेल्या फांद्या दोरीवर किंवा काँक्रीटच्या चौकटीवर बांधतात. त्या वाढल्या की पुन्हा तोडून खडकावर बसवतात, अगदी जास्वंदीचं खोड लावतो तसं. तमिळनाडूत तुतिकोरीनजवळ पूर्वी चुन्यासाठी आणि बांधकामासाठी रीफ खणली जायची. तिथे संशोधकांनी अशी लागवड केली आहे. मुंबईत तर २०२० मध्ये सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळाचे १८ समूह उचलून मुंबईतच दुसरीकडे बसवले. मुंबईत प्रवाळ आहे, हेच कित्येक मुंबईकरांना त्या बातमीने कळलं! त्यातले बहुतेक जगले, आणि मला त्याचा आनंद आहे.

पण रोप लावलं त्या मातीलाच आग लागली तर? अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात प्रवाळाच्या मोठ्या रोपवाटिका आहेत, वर्षानुवर्षं मेहनत करून वाढवलेल्या. जुलै २०२३ मध्ये तिथल्या एका उथळ खाडीत पाणी ३८ अंशांवर गेलं. आपल्याला त्यात ताप भरल्यासारखं वाटेल. लोकांनी दिवसरात्र खपून रोपं पाण्याबाहेर काढली आणि जमिनीवरच्या टाक्यांत ठेवली. जी राहिली त्यातली पुष्कळ मेली.

आणखी एक अडचण आकाराची आहे. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ २,३०० किलोमीटर लांब आहे. २०१६ च्या उष्णतेने तिथलं उथळ पाण्यातलं सुमारे ३० टक्के प्रवाळ नऊ महिन्यांत मेलं. एवढं हाताने लावायचं कुणी? तिथे निसर्गाचं स्वतःचं लावणीचं तंत्र आहे. वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री शेकडो मैलांवरचं प्रवाळ जवळपास एकाच वेळी बीजं सोडतं. पाण्यात खालून वर गुलाबी पाऊस पडल्यासारखं दिसतं. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं ब्लीचिंग झाल्यावर २०१८ मध्ये खडकावर येऊन बसणारी बाळं ८९ टक्क्यांनी कमी झाली, कारण आयाच उरल्या नव्हत्या.

तुला यात काम करायचं असेल तर आधी पोहायला शीक आणि जीवशास्त्राइतकंच गणित कर. काही शास्त्रज्ञ आता उष्णता सोसणारं प्रवाळ निवडून त्याची पैदास करत आहेत. तू मोठा होशील तेव्हा त्या कामाला पुष्कळ हात लागतील.

प्रवाळ पृथ्वीवर कोट्यवधी वर्षं आहे. हिमयुगं आली नि गेली, समुद्र शेकडो फूट वरखाली झाला. इतकं पाहिलेला जीव दोन अंशांनी संपेल, हे पटत नाही. यात भीती दाखवण्याचा भाग जास्त नाही का?
– एक निवृत्त शिक्षक, ठाणे

सर, तुमची शंका रास्त आहे. आजच्या कठीण प्रवाळाचे पूर्वज सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचे. लक्षद्वीप उभं आहे तेच बुडालेल्या डोंगरांवर रचत गेलेल्या प्रवाळाच्या थरांवर. डोंगर सावकाश खचत गेला आणि प्रवाळ वर चढत राहिलं. कंकणाकृती बेटांचा हा उलगडा डार्विनने १८४२ मध्येच मांडला होता. प्रवाळ ही जीवजात उद्या नाहीशी होईल असं मीही म्हणत नाही. पूर्वीच्या मोठ्या विनाशांतून ती कुठे कुठे तगली आणि पुन्हा पसरली. पण त्या प्रत्येक वेळी रीफ पुन्हा उभ्या राहायला लाखो वर्षं गेली. कडमतच्या माणसाकडे तेवढा वेळ नाही.

सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. त्यावर २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांवर माणसं राहतात, आणि जमीन समुद्रापासून चार-पाच मीटरही उंच नाही. अरबी समुद्राची लाट रीफवर फुटते म्हणून ती घरापर्यंत येत नाही. विहिरीतलं गोडं पाणीही त्याच जमिनीच्या आधाराने टिकतं. बंगारमजवळचं पराळी नावाचं एक निर्जन बेट झिजून पाण्याखाली गेलंसुद्धा. रीफ वाढायची थांबली तरी तिची झीज चालूच राहते.

आगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथल्या रीफ संशोधकांनी १९९८ पासून २४ वर्षं मोजल्या. जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ वर आलं. या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दर खेपेच्या ब्लीचिंगमध्ये मरणारं प्रवाळ आधीपेक्षा कमी होतं, म्हणजे उरलेलं सोसणारं आहे, हे तुमच्या बाजूचं. पण सावरण्याचा वेगही दर खेपेला मंदावत गेला. ब्लीचिंगशिवाय सलग सहा वर्षं मिळाली तरच रीफ खऱ्या अर्थाने भरू लागते, असं त्यांना आढळलं. मोठी ब्लीचिंग झाली ती १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये, आणि त्यानंतर २०२४ मध्ये. मधली अंतरं तुम्हीच मोजा. सरासरी तापमानवाढ १.५ अंशावर थोपवली तर जगातल्या रीफ ७० ते ९० टक्क्यांनी घटतील आणि २ अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त, हा आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीचा, २०१८ चा अंदाज आहे. त्या अर्ध्या अंशासाठीच मी इतकी जीव तोडून लिहिते. दहातली एक ते तीन उरणं आणि शंभरातली एकही न उरणं यात माझ्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कडमतच्या लगूनमध्ये, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्यात, मी ओळखते असं एक घुमटासारखं पोराइटिस आहे, बैलगाडीच्या चाकाएवढं. या जातीचं प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं, तेव्हा ते माझ्याहून थोरलं असावं. २०१० मध्ये त्याचा माथा मेला, तीन ओंजळींएवढा. बाजूचं जिवंत प्रवाळ त्या मेलेल्या भागावर कड चढवत राहिलं. २०१६ ची उष्णता मध्ये येऊन गेली, तरी २०२३ मध्ये एका ओंजळीएवढीच जागा उघडी उरली होती. २०२४ नंतर मी ते पाहिलेलं नाही. पाऊस सरला की टेप घेऊन जाणार आहे.